बाईची मास्तरकी

मार्च लागला की आमच्या घरातली भाषा बदलते. एरवी मी मुलाशी बोलते ते गावाकडचंच. 'काय करून राह्यला रे?' असं सहज तोंडातून निघतं. चंद्रपूरला येऊन निम्मं आयुष्य झालं तरी ते काही सुटलेलं नाही. पण यंदा त्याची दहावी आहे, आणि होळीच्या सुमाराला माझ्या तोंडी अचानक 'तू इथे काय करीत आहेस?' असली वाक्यं येऊ लागली. 'करीत आहेस'! एवढं शुद्ध मी बँकेतल्या साहेबाशीही बोलत नाही. परवा तो दात घासता घासता म्हणाला, "आई, सकाळी सकाळी शाळा नको ना घेऊ." मी डोळे वटारले, तो हसला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन खिडकीशी उभी राहिले. मागच्या रिकाम्या प्लॉटवर मोहाचं एक झाड उरलं आहे. त्याचा तो गोडसर, जरा आंबूस, डोक्यात चढणारा वास आत येत होता. तेव्हा मला कळलं की हा आवाज माझा नाहीच. तो माझ्या थोरल्या बहिणीचा आहे, मी नुसता वापरायला घेतला आहे.

अशा बोलण्याला आपल्याकडे किती नावं आहेत पाहा. मास्तरकी. मास्तरी थाट. पंतोजी खाक्या. शाळा घेणं, हजेरी घेणं, फैलावर घेणं. गंमत अशी की पुरुष तसा बोलला तर यातलं एकही नाव त्याला फार दिवस चिकटत नाही. तो 'शिस्तीचा माणूस' होतो, 'कडक, पण मनानं चांगला' होतो, आणि चार लोक त्याला पाहून विडी लपवतात. बाईमाणूस तसं बोललं की ती 'मास्तरीण' होते, फार झालं तर 'फौजदारीण', आणि गावभर हसू. आमच्या मायनं या एका शब्दाची जेवढी धास्ती घेतली होती तेवढी वाघाचीही घेतली नव्हती. वाघ निदान रोज येत नसे.

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. शकुन तिचं नाव, पण मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. आमचं गाव कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला टेकलेलं. धानाची थोडीशी शेती, उरलेले दिवस मजुरी. बाई बारावी झाली. मास्तरीण व्हायचं तिच्या फार मनात होतं, पण डी.एड.ला नंबर लागला नाही. मग ती नंबराची वाट पाहत बसली नाही, घरीच सुरू झाली. माझ्यावर, शेजारच्या पोरांवर, बकऱ्यांवर, पाहुण्यांवर. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात जे असेल ते, झाडू असो की तुरीची काडी, आणि भुवया वर. लग्नाच्या पंगतीत ती म्हाताऱ्या माणसालाही सांगायची, "आजोबा, पत्रावळ सरळ ठेवा." आणि आजोबा ठेवायचे! एकदा कोतवाल आमच्या बोळात अर्धीच दवंडी देऊन पुढे निघाला, तर हिनं त्याला परत बोलावून पूर्ण दवंडी द्यायला लावली. तेव्हापासून आमच्या दारासमोर तो जरा जास्तच वेळ थांबायचा.

तिचं खरं हत्यार मात्र झाडू नव्हतं, भाषा होती. आम्हा झाडीपट्टीतल्या माणसांचं असं आहे की लाड, भांडण, भूक, रडगाणं सगळं घरच्या बोलीत. पण शाळा भरायची ती पुस्तकातल्या भाषेत. त्यामुळे शिस्त आणि शुद्ध मराठी आमच्या गावात एकाच बसमधून उतरल्या. बाई 'मले पाणी दे व' म्हणाली की मी खुशाल लोळत पडायची. 'मला पाणी दे' म्हणाली की उठून बसायची. 'मला पाणी मिळेल का?' इथवर गोष्ट गेली तर चुलीजवळचं मांजरसुद्धा उठून बाहेर जायचं. राग आला की तिचा आवाज चढत नसे, उलट नीट होत असे. एकेक शब्द सुटा, धुतलेला. त्यात मार नव्हता. 'तुला हे येतं, मग करत का नाहीस?' एवढंच असायचं. आपल्याला येतं असं दुसऱ्या कुणी इतक्या खात्रीनं मानावं, यासारखं सुख नाही. पण ते त्या वयात कळत नाही, तेव्हा नुसती चीड येते.

"असं बोलशीन तं कोन करीन तुले?" माय तिला म्हणायची. "सासरी का शाळा उघडतं?" बाबा गालातल्या गालात हसायचे. त्यांना लेकीचा अभिमान होता, पण नुसत्या अभिमानावर लेक उजवली जात नाही हेही त्यांना ठाऊक होतं. शेवटी घुग्घुसचं स्थळ आलं. मुलगा कोळशाच्या खाणीत, नोकरी पक्की. देवराव भाऊजी. उंच, हडकुळे, लाजरे. मुलगी पाहायला आले तेव्हा बाईनंच त्यांना विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" मायचा जीव टांगणीला लागला. ते म्हणाले, "बारावीत होतो, पन इंग्रजीनं धरून ठेवलं," आणि हसले. बाईलाही हसू आलं. मला वाटतं लग्न त्या हसण्यावरच ठरलं.

लग्नात आम्ही घुग्घुस पाहिलं. ट्रक, धूळ, पाळी सुटली की मोटारसायकलींचा लोंढा. दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत राखी होत. तिथं दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं तर आवाज चढवावाच लागे. मला वाटलं, चला, आमच्या बाईला गाव बरं मिळालं.

मोहाचा हंगाम ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगणं अवघड. पळस पेटून विझायला आलेला असतो, सागाला पान नसतं, सगळं जंगल उघडंवाघडं. आणि त्यात मोहाची झाडं उजाडायच्या आधीपासून टपटप टपटप फुलं गाळत उभी. फूल कसलं, लोण्याच्या रंगाची रसाळ गोळीच ती. गावात कुणाचं झाड कोणतं हे ठरलेलं. आज्या-पणज्यापासून चालत आलेलं, कागद नाही की पत्र नाही. टोपल्या घेऊन सगळं गाव पहाटे बाहेर पडतं. शाळा ओस पडते, देवळात कुणी नसतं, म्हातारी माणसं आणि कोंबड्या तेवढ्या घरी. दुपारी अंगणात फुलं वाळत पडलेली, पायाला चिकचिक, बोटांना चिकचिक, वेणीलासुद्धा तो वास. माझ्या दहावीच्या पुस्तकांची पानं चिकटलेली होती. परीक्षा आणि मोह आमच्याकडे एकदमच येतात; सरकारला कुणी हे कधी सांगितलं नसावं.

या दिवसांत हात कमी पडतात म्हणून दिलेल्या लेकी माहेरी येतात. त्या वर्षी बाईही आली. लग्नानंतरचा तिचा पहिलाच मोह. मी फाट्यापर्यंत धावत गेले. माझी तयारी यथातथाच होती, आणि ती आल्या आल्या माझी हजेरी घेणार म्हणून मी उत्तरंही जुळवून ठेवली होती. ती उतरली. म्हणाली, "बरी हायेस का, मंदा?" आणि पिशवी घेऊन चालू लागली. बस्स.

आधी वाटलं, प्रवासानं दमली असेल. मग वाटलं, ऊन लागलं असेल. पण दिवस गेले तरी तेच. विचारलं तर उत्तर द्यायची, सांगितलं तर काम करायची. शेजारची पोरं तिला पाहून सवयीनं सरळ उभी राहायची, आणि ती त्यांच्याकडे न पाहता पाण्याला जायची. मोहाला जाताना तर ते फारच टोचायचं. कारण त्या दिवसांत जंगलात गप्प चालायचं नसतं. अस्वलालाही मोह आवडतो, आणि ते अचानक समोर आलं तर खैर नाही. म्हणून माणसं खाकरत, हाका मारत, उगाचच भांडत चालतात. आमच्या घरचा आवाज म्हणजे आजवर बाईच होती. आम्हाला वेगळं खाकरावं लागत नसे. आता ती टोपली डोक्यावर घेऊन मुकी चालायची आणि बाबा मागून म्हणायचे, "बोल ना व माय. काईबी बोल. अस्वल येईन ना."

मी तिला डिवचून पाहिलं. पुस्तक उपडं टाकून ठेवलं. अक्षर मुद्दाम कोंबडीच्या पायांसारखं काढलं. एकदा अंगणात तिच्यासमोर बसून मोठ्यानं वाचलं, "ब्रह्मपुत्रा ही आफ्रिका खंडातील प्रमुख नदी आहे." आणि थांबले. ती फुलांतला कचरा वेचत होती. वेचत राहिली. मी पुन्हा वाचलं. तिनं एक काडी उचलून बाजूला टाकली. मग मात्र मला रडू फुटलं. मी गोठ्यात गेले आणि गाईच्या मानेवर डोकं टेकून रडले. कुणी आपल्याला रागवत नाही म्हणून रडणारी पोर मीच पहिली असेन.

आता माझा मुलगा सांगतो, "मला जरा एकटं सोड." खरं आहे, या वयात तसंच वाटतं. पण ज्याला कधी खरोखर एकटं सोडलं जातं त्याला विचारावं. टोकणारं माणूस टोकायचं थांबतं तेव्हा ते सुधारलं असं आपण म्हणतो. कधी कधी ते फक्त विझलेलं असतं.

शेवटी एका सकाळी झाडाखाली आम्ही दोघीच होतो तेव्हा मी विचारलं, "काय झालं व बाई? मारतेत का तुले?"

"नाई व. मारत कोनी नाई."

"मंग?"

तिनं टोपली पुढे सरकवली. मग ती म्हणाली, "मी काई बोलली का सासू म्हनते, इथी शाळा नाई भरली. नणंद म्हनते, आली मास्तरीण, हात पुढं करा. मंग सारे हासतेत. मीठ जास्त झालं म्हनलं तरी हासतेत. नळ बंद करा म्हनलं तरी हासतेत."

"हासू दे. आपल्या गावातबी हासतेच ना."

"इथी हासते ते ऐकून हासते. तिथी ऐकतच नाई." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "तेबी चालते व. कुठीबी गेलं तरी पळसाले पानं तीनच. सासू नाई बोलनार तं कोन बोलनार? पन तेबी हासतेत."

"कोन?"

"तुहे भाऊजी."

मला त्या वेळी एवढंच समजलं की हे मारापेक्षा वाईट आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो निदान बुक्क्यांचा तरी असतो. सासूनं टाकून बोललेलं माणूस उंबऱ्याबाहेर झटकून टाकू शकतं. पण ज्याच्या भरवशावर त्या घरात पाय ठेवला तोच हसणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसला तर मग बोलायचं कुणाशी? भाऊजी वाईट नव्हते, आजही मी तसं म्हणणार नाही. हसणं ही त्यांची पळवाट होती. कुणी काही बोललं, वाद होईल असं वाटलं, की हसून मोकळे. त्यांच्या त्या स्वभावावरच तर बाई भाळली होती, आणि त्यानंच ती मुकी झाली होती.

माझे शेवटचे पेपर राहिले असताना ते तिला न्यायला आले. बुंदीचे लाडू घेऊन आले. जावई आला म्हणून बाबांनी खाटेवर नवी चादर टाकली, मायनं कोंबडा कापला. बाई त्यांना पाणी देऊन आत गेली. आमच्याकडे जावयाला कामाला हात लावू देत नाहीत. त्यानं खाटेवर बसावं आणि विचारलं तर सांगावं. पण सगळं घर राबत असताना एकट्यानं बसून राहणं त्यांना जड गेलं असावं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे जंगलात, तर ऊन चढल्यावर हेही पायवाटेनं मागून आले.

आमचं एक झाड उशिरा फुलायचं. त्याच्याखालचा पाला अजून साफ व्हायचा होता. मोहाखालचा पाला जाळतात, म्हणजे फूल वेचायला भुई मोकळी मिळते. पण आमच्याकडे त्याची रीत आहे. आधी झाडाभोवती माती दिसेपर्यंत गोल झाडून घ्यायचा, आणि पहाटे, दव असताना, वारा पडलेला असताना आतला पाला पेटवायचा. बाबांनी ते काम दुसऱ्या पहाटेवर ठेवलं होतं. भाऊजींना मोह काही नवा नव्हता. त्यांच्या मूळ गावी तो शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असतो. चारी बाजूंनी काळी माती, एक पान उडून जाईल तर ढेकळात विझेल. तिथं केव्हाही काडी लावा. त्यांनी तेच केलं. सासऱ्याचं एक काम हलकं होईल एवढाच त्यांचा हेतू होता.

मला आधी वास आला. मग भागरताबाईची किंकाळी. तिची झाडं आमच्या लगत होती. गुडघाभर उंचीची जाळाची कड सरसर पुढे येत होती, सागाची वाळली पानं पापडासारखी कडकड वाजत होती, आणि वारा नेमका गावाच्या बाजूला. माय धावली ती फुलांच्या टोपल्यांकडे. कुणी 'पानी, पानी' ओरडलं. पाणी कुठलं तिथं? भाऊजी हातातल्या फडक्यानं जाळ झोडपायला गेले, तर ठिणग्याच उडाल्या. सगळे सैरावैरा.

"थांबा!"

हा शब्द मी आजही ऐकू शकते. ओरडलेला नव्हता, म्हटलेला होता.

"कोणीही पळायचं नाही. भागरताबाई, टोपली खाली ठेवा. मंदा, हिरव्या डहाळ्या तोड. बाबा, तुम्ही पायवाटेवर उभे राहा, तिथपासून पाला मागे ओढा. सगळ्यांनी एका रांगेत यायचं. रांगेत!"

आणि लोक रांगेत उभे राहिले. तिच्या दुप्पट वयाची भागरताबाई, तिच्या सुना, आमची माय, झाडून सगळे. पायवाट होती तिच्या कडेनं पाला ओढून मातीचा पट्टा उघडा करत गेलो. बाई मागेपुढे फिरत होती. पदर खोचलेला, गालाला राख. "असं नाही, खालून ओढा. मध्ये जागा सोडू नका." मग ती भाऊजींकडे वळली. "तुम्ही! ते फडकं टाका. डहाळी घ्या. आपटायची नाही, दाबायची. दाबून धरा. आता पुढे." ते धाप टाकत म्हणाले, "हो." ती म्हणाली, "बोलू नका. करा."

जाळ पट्ट्यापाशी आला, थोडा वेळ घुटमळला आणि बसला. भागरताबाईच्या एका झाडाखालची फुलं करपली, एवढंच नुकसान. सगळे जिथं होते तिथं मातीत बसले. कुणाच्या भुवया जळल्या होत्या, कुणाचं लुगडं. आणि मग भागरताबाईला हसू फुटलं. "आली व माय, मास्तरीण वापस आली!" त्यासरशी सगळा घोळका हसत सुटला, रडत रडत हसत होता. बाईच तेवढी हसत नव्हती. ती भाऊजींकडे पाहत होती. भर लोकांत, सासरवाडीत, बायकोनं भीडभाड न ठेवता ज्याला हुकूम सोडला त्या माणसाचं आता काय होणार, हे मायच्या तोंडावर उघड लिहिलं होतं. भाऊजी राखेकडे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा सगळे हसत असताना ते हसत नव्हते.

संध्याकाळी जेवणं उरकली. मायनं बाईला आत ओढलं. "पाय धर त्याचे. म्हन, चुकली."

"काऊन? मी काय चुकली?"

"चुकली का नाई ते कोन पाह्यते व? तुले नांदाचं हाय का नाई?"

बाई पाय धरायला गेली नाही. सकाळी भाऊजींनी एकट्यानंच पिशवी उचलली. बाबा हात जोडून मागे मागे गेले. भाऊजी एवढंच म्हणाले, "तिले येऊ द्या तिच्या मनानं," आणि निघून गेले. ते रागानं बोलले की कशानं, काही कळलं नाही. नवऱ्यानं लेक माहेरी टाकून जाणं म्हणजे काय, हे त्या काळात वेगळं सांगावं लागत नसे. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. माय येताजाता म्हणायची, "जीभ जळो तुही."

आणि बाई? तिनं माझी वह्या-पुस्तकं मांडीवर घेतली. "ब्रह्मपुत्रा कुठे वाहते?" म्हणाली. म्हणजे तिनं ते ऐकलं होतं! पुढचे दिवस तिनं माझ्या नाकी नऊ आणले. पहाटे मोहाखाली इतिहास, दुपारी फुलं उलटताना बीजगणित. मी चुकले की तोच आवाज, नीट, धुतलेला. मला इतका आनंद व्हायचा की मी मुद्दाम चुकायची. पण आत माय रडत असायची, आणि मला प्रश्न पडायचा की हा आवाज हवा असेल तर तिनं घर गमवायचं, आणि घर हवं असेल तर हा आवाज, असं का? दोन्ही का नाही? पोरीच्या जातीला हा पेपर सक्तीचा असतो, आणि त्यातले दोन्ही पर्याय चुकीचे असतात.

मोह संपत आला, झाडांना तांबूस पालवी फुटली, तेव्हा भाऊजी पुन्हा आले. या वेळी खाटेवर बसलेही नाहीत. बाबांना म्हणाले, "नेऊ का?" बाबा म्हणाले, "न्या बापा." बाईला कुणी विचारलं नाही. तिनं लुगडी भरली, मायनं वाळवलेल्या मोहाची पुरचुंडी दिली, आणि आम्ही सगळे फाट्यावर गेलो. घरून निघाल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं. तीच मार्चमधली मुकी बाई. फाट्यावर चहाच्या टपरीशी माणसं बसली होती, दोन-चार बाया बसची वाट पाहत होत्या. लांब वळणावर धुरळा उठला.

भाऊजी तिच्याजवळ सरकले. जमिनीकडे पाहून पुटपुटले, "माहं चुकलं."

बाईनं मान वर केली.

"काय चुकलं?"

मायनं माझा हात घट्ट पकडला. भाऊजींनी टपरीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "चाल ना. घरी बोलू."

"घरी नाही. इथे सांगा. आणि मोठ्यानं सांगा, मला ऐकू आलं नाही."

बस येऊन थांबली. कंडक्टर दार वाजवत होता. बाई हलली नाही. टपरीवरची माणसं चहा हातात धरून पाहू लागली. मला वाटलं, आता हा माणूस हसणार. हसून मोकळा होणार, बसमध्ये चढणार, आणि सगळं संपणार. त्यांचे ओठ तसे हललेही. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, हात मागे बांधले, आणि फाट्यावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माय हासली, बहीण हासली, तं मीबी हासलो. तू बरोबर बोलत होती. मले ठाऊक होतं. तरी हासलो."

बाई एक पाऊल पुढे आली.

"पुन्हा?"

"पुन्हा नाई."

बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. पिशवी उचलली आणि आधी ती चढली, मग भाऊजी. बस निघाली. खिडकीतून तिचा आवाज येत होता. पिशवी कुठे ठेवायची, तिकिटं कोणत्या खिशात, काच का उघडी ठेवायची, हे ती त्यांना एकेक शब्द नीट सुटा करून सांगत होती. धुरळा खाली बसल्यावरही बाबा रस्त्याच्या मधोमध उभे होते, मान वाकडी करून, ऐकू येईनासं होईपर्यंत ऐकत.